पंचांचे वय मोजायचे की दम? समजून घ्या नियम

उन्हाळ्यात पिंपळगाव बसवंत आणि परिसरात टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डीचे सामने रंगतात. कबड्डीत खेळाडूंचे वजन तपासले जाते, वयोगटाच्या स्पर्धेत जन्मदाखला मागितला जातो. पंचांना मात्र ‘येताय ना?’ एवढेच विचारले जाते. मोठ्या स्पर्धांत काय होते?

फुटबॉल : आधी वय, आता चाचणी
आंतरराष्ट्रीय रेफरींसाठी पूर्वी 45 वर्षांची मर्यादा होती. इटलीचे नामवंत रेफरी पिएर्लुइजी कोलिना यांनाही 2005 मध्ये त्यामुळेच आंतरराष्ट्रीय सामने सोडावे लागले. पुढे ‘फिफा’ने ही मर्यादा काढली. आता भर धावण्यावर आहे. पुरुष रेफरीला 40 मीटर अंतर सहा वेळा, दर वेळी 6 सेकंदांत कापावे लागते. त्यानंतर 75 मीटर धाव 15 सेकंदांत आणि 25 मीटर चाल 18 सेकंदांत, असे 40 वेळा. म्हणजे एकूण 4 किलोमीटर!

क्रिकेट : नजर आणि कान
इथे धावणे कमी, उभे राहणे जास्त. कसोटीत दिवसाला 90 षटके, म्हणजे 540 चेंडू. प्रत्येकावर लक्ष हवे. अनुभवाला इथे मोल आहे. महाराष्ट्राचे पिलू रिपोर्टर 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत तटस्थ पंच होते, तेव्हा त्यांनी 48 वर्षे पूर्ण केली होती. वेस्ट इंडिजचे स्टीव्ह बकनर तर बासष्टीपर्यंत कसोटीत उभे राहिले.

कबड्डी : क्षणाचा निर्णय
चढाई 30 सेकंदांची. स्पर्श झाला की नाही, रेषा ओलांडली की नाही, हे डोळ्यांचे पाते लवण्याआधी टिपावे लागते. एकाच पंचाकडे सलग चार-पाच सामने दिले, तर तरुणाचीही नजर थकते.

गावच्या स्पर्धेत काय करता येईल?
• स्पर्धेआधी पंचांचा रक्तदाब, साखर आणि दृष्टी तपासून घ्या.
• दोन सामन्यांनंतर पंच बदला.
• दुपारी सामने टाळा. पाणी, टोपी, सावली द्या.
• धावपळ झेपत नसलेल्या ज्येष्ठांना गुणलेखन द्या, नव्या पंचांचे मार्गदर्शन सोपवा.
• छातीत दुखणे, चक्कर, दम लागणे जाणवल्यास पंचांनी सामना थांबवावा. ‘एवढी ओव्हर होऊ द्या’ म्हणत उभे राहू नये.

चुकीच्या निर्णयावरून झालेला वाद दोन दिवसांत मिटतो. भर उन्हात मैदानात कोसळलेल्या माणसाचे तसे नसते. चषकांचा खर्च ठरवताना पंचांच्या तपासणीचाही ठरवा.