सरोवरावर पसरला धूर आणि जन्माला आले गाणे!

४ डिसेंबर १९७१, शनिवारची दुपार. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या काठी वसलेल्या माँत्रे या टुमदार गावातला कॅसिनो तरुण श्रोत्यांनी खच्चून भरलेला होता. अमेरिकन कलावंत फ्रँक झप्पा याच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम अगदी रंगात आला होता. इतक्यात श्रोत्यांमधल्या कुणीतरी, कोण जाणे कोणत्या लहरीत, इशाऱ्यासाठी वापरतात ती फ्लेअर गन छताच्या दिशेने झाडली. छत वेताबांबूचे. ठिणगी पडली आणि बघता बघता आग पसरली.

पुढची काही मिनिटे जीवघेणी होती. झप्पाने शांत राहून बाहेर पडण्याची सूचना मंचावरून केली. माँत्रेच्या प्रसिद्ध जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लोद नॉब्ज तेव्हा ३५ वर्षांचा होता. शिक्षणाने हा मूळचा स्वयंपाकी! त्याने आत अडकलेल्या मुलांना स्वतः बाहेर काढले. कॅसिनोची राखरांगोळी झाली, झप्पाची सारी वाद्ये जळाली, पण सुदैवाने प्राण कुणाचेच गेले नाहीत.

त्या गर्दीत ‘डीप पर्पल’ या इंग्रज संचाची मंडळीही होती. ती माँत्रेला आली होती ती नवी तबकडी ध्वनिमुद्रित करायला. त्यासाठी ‘रोलिंग स्टोन्स’ संचाचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत सारी यंत्रे बसवलेली एक मोठी गाडी, भाड्याने आणलेली. जागाही ठरलेली होती. कोणती? तोच कॅसिनो! झप्पाचा कार्यक्रम आटोपला की तो हिवाळ्यापुरता रिकामा होणार आणि ‘पर्पल’ला मिळणार, असा बेत होता. आता हॉटेलच्या खिडकीतून त्याच कॅसिनोच्या ज्वाळा बघण्याखेरीज त्यांच्या हातात काही उरले नाही. धुराचा जाड थर संथपणे सरोवराच्या पाण्यावर पसरत होता.

नॉब्जने धावपळ करून त्यांना पॅव्हिलियन नावाचे एक नाट्यगृह मिळवून दिले. तिथे गिटारवादक रिची ब्लॅकमोरने एक साधीशी धून काढली. साऱ्या संचाने ती उचलली आणि ध्वनिमुद्रण सुरू झाले. पण त्या दणदणाटाने शेजाऱ्यांची झोप उडाली! तक्रार गेली, पोलीस दाराशी आले. सामान वाहणारी, तारा जोडणारी मदतनीस पोरे आतून दार दाबून उभी राहिली आणि तेवढ्या वेळात धून एकदाची पूर्ण झाली. तिला ना शब्द होते, ना नाव. फितीवर नुसतेच लिहिले गेले, ‘शीर्षक क्रमांक १’.

नाट्यगृह सुटले. अखेर हिवाळ्यामुळे बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात बिऱ्हाड हलले. थंडीने काकडत, गाद्यांचे आडोसे उभारून बोळातच त्यांनी वाद्ये मांडली. वाजवलेले ऐकायला बाहेरच्या गाडीपर्यंत जायचे तर खोल्या आणि सज्जे ओलांडत जावे लागे. दोन-चार फेऱ्यांतच मंडळी कंटाळली आणि ऐकायला जाणेच त्यांनी सोडून दिले!

तबकडी पुरी होत आली, पण काही मिनिटांची जागा उरली. तेव्हा ‘शीर्षक क्रमांक १’ची आठवण झाली. आगीनंतरच्या एका सकाळी बास गिटार वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून अर्धवट जागा होताना काही शब्द पुटपुटला होता: ‘स्मोक ऑन द वॉटर’. गायक इयन गिलनला हे नाव प्रथम रुचले नाही. लोकांना हे नशेचे गाणे वाटेल, अशी त्याला शंका होती. मग दोघांनी मिळून शब्द लिहिले आणि कॅसिनो, झप्पा, नॉब्ज, ते गारठलेले हॉटेल अशी सारी घडलेली हकिगत जशीच्या तशी गाण्यात आली.

गाणे गाजेल असे त्यांना वाटले नव्हते. नॉब्ज पुढे सांगत असे, की हे गाणे तबकडीत घेण्याचाही त्यांचा विचार नव्हता, त्यानेच ऐकून त्यांना वेड्यात काढले. मार्च १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ ही तबकडी आली, पण एकेरी तबकडीसाठी निवड झाली ती ‘नेव्हर बिफोर’ची. ते ब्रिटनमध्ये ३५व्या क्रमांकावरच अडखळले. ‘स्मोक’ची एकेरी तबकडी अमेरिकेत निघायला १९७३चा मे उजाडला. उन्हाळ्यात ती ‘बिलबोर्ड’च्या यादीत थेट चौथ्या क्रमांकावर! आणि दैवाचा खेळ पाहा, गाणे वर चढत असतानाच २९ जूनला ओसाकात कार्यक्रम करून गिलन आणि ग्लोव्हर संचाबाहेर पडले. ज्या दोघांनी शब्द लिहिले, तेच यशाच्या वेळी घरात नव्हते. पुढे ते परतले, पण अकरा वर्षांनी, १९८४ मध्ये.

कॅसिनो १९७५ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यातला ध्वनिमुद्रण स्टुडिओ पुढे ‘क्वीन’ संचाने विकत घेतला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा, आज माँत्रेच्या काठावर पुतळ्याच्या रूपाने उभा आहे. ‘स्मोक’च्या सुरांचे स्मारकही त्याच काठावर आहे.

गिटार हाती धरलेल्या कोणत्याही पोराला वाजवायला सांगा, बहुधा याच गाण्याची सुरुवात ऐकायला मिळेल. अवघ्या चार सुरांची ती धून. मात्र बहुतेक जण ती नखीने, एकेक तार छेडून वाजवतात. ब्लॅकमोर मात्र दोन तारा बोटांनी एकदमच खेचतो.