सोन्याच्या शाईतली तुर्की गझल

आज एका हस्तलिखिताबद्दल बोलूया. साल १४६५-६६. कवी हेरातचा, म्हणजे आजच्या पश्चिम अफगाणिस्तानातला. नाव अलीशेर नवाई, वय जेमतेम पंचवीस. आणि त्याच्या गझलांचा दीवान उतरवून काढतोय सुलतान अली मशहदी, जो पुढे त्या काळचा नामांकित सुलेखनकार झाला.

दीवान म्हणजे कवीचा कवितासंग्रह. त्यात गझला यमकाच्या शेवटच्या अक्षरानुसार, वर्णमालेच्या क्रमाने लावतात. त्यामुळे हवी ती गझल पटकन सापडते.

आता गंमत बघा. तेव्हा तिथे राज्य तैमूरच्या वंशजांचं होतं. घरात तुर्की बोलायचे, पण कविता म्हटलं की फारसी! 'खरं साहित्य' फारसीतच होतं, असा समज होता. नवाईला फारसी येत नव्हती असं नाही. 'फानी' या नावाने त्याने फारसीतही लिहिलं. पण जीव ओतला तो तुर्कीत, जिला आज आपण चगताई म्हणतो.

हा दीवान त्याने स्वतः नाही, तर त्याच्या चाहत्यांनी जमवला, असं अभ्यासक मानतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. कारण असं पुस्तक स्वस्तात होत नसे. कागद घोटून गुळगुळीत करायचा. सोन्याची पूड डिंकात कालवून शाई बनवायची. निळा रंग बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा. एवढा थाट बोलीभाषेतल्या गझलांसाठी करायचा, म्हणजे न बोलता सांगणंच झालं, की ही भाषाही याच मानाची आहे.

नवाईने तेच पुढे उघड मांडलं. १४९९ मध्ये त्याने तुर्की आणि फारसीची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. रडण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हांना तुर्कीत वेगवेगळी क्रियापदं आहेत, असे दाखले त्यात आहेत.

याचा धागा भारतापर्यंत येतो. बाबर नवाईचा चाहता होता. त्याने आत्मचरित्र आणि गझला याच भाषेत लिहिल्या. त्याच्या कवितांचं एक हस्तलिखित आजही उत्तर प्रदेशात, रामपूरच्या रझा ग्रंथालयात आहे. आणि नवाईचा तो पहिला दीवान? तो सेंट पीटर्सबर्गला, रशियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात.

एखादी भाषा 'घरगुती' ठरवून बाजूला सारली जाते, तेव्हा तिच्यात लिहिणारा तर लागतोच. पण ते लिहिलेलं जपून, सजवून ठेवणारे चार वाचकही लागतात. नवाईला ते पंचविशीतच भेटले.