डिझेलची टाकी, ट्रॅक्टरचे वजन आणि चिखलणीचे तास

लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर खाचराच्या मधोमध बंद पडतो आणि कारण निघते ते फक्त डिझेल संपल्याचे. रोपे उपटून मुठी बांधलेल्या असतात, लावणीची माणसे बांधावर बसून असतात आणि त्यांची मजुरी चालूच असते. कॅनमधून डिझेल आणून ओतले तरी इंजिन लगेच सुरू होत नाही, कारण नळीत हवा शिरलेली असते. भर पावसात फिल्टरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून ती हवा काढायची म्हणजे बराच वेळ जातो.

सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. तुम्ही ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर घेऊन नांदे, चांदे, लवळे किंवा त्यापुढे पौडकडे भाड्याने चिखलणीला जात असाल, तर पंप मागे राहतो आणि काम पुढे असते. निघण्यापूर्वी टाकी किती तास पुरेल हे माहीत हवे. मोटारीची मजल किलोमीटरमध्ये मोजतात, ट्रॅक्टरची तासांत आणि गुंठ्यांत मोजावी.

हिशोब असा करावा. डिझेल इंजिन पूर्ण भारावर दर अश्वशक्तीला तासाला साधारण ०.२२ लिटर डिझेल घेते. चिखलणीत भार सतत पूर्ण नसतो, तो निम्म्याच्या आसपास धरता येतो. म्हणजे ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तासाला सुमारे ५ लिटर, २० अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरला सव्वादोन ते अडीच आणि १२ अश्वशक्तीच्या टिलरला दीड लिटरपर्यंत. टाकीतील पाचवा हिस्सा राखीव समजून सोडून द्यावा. ६० लिटरच्या टाकीतील ४८ लिटर वापरले तर साडेनऊ तास काम होते. टिलरची टाकी १० लिटरची असेल तर पाच तासांच्या थोडे वरच. टिलरवाल्याला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत टाकी भरावीच लागते, त्यात चालकाची चूक काही नाही.

राखीव हिस्सा सोडायचा तो उतारामुळे. टेकडीच्या बाजूला उतरत्या खाचरांत ट्रॅक्टर तिरका होतो, टाकीतील उरलेले डिझेल एका कोपऱ्यात जाते आणि नळीचे तोंड उघडे पडते. काटा थोडे डिझेल दाखवत असतानाही इंजिन हवा ओढते.

हे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या मशीनचा खरा आकडा शेतातच मिळतो. सपाट जागी टाकी काठोकाठ भरा, मोजलेले एक खाचर चिखलून घ्या, पुन्हा त्याच सपाट जागी मापाने भरा. जेवढे बसले तेवढे लागले. वेळ मात्र मनगटावरच्या घड्याळावर मोजा. जुन्या यांत्रिक अवरमीटरचा तास इंजिनच्या फेऱ्यांवर ठरतो, कमी फेऱ्यांवर तो घड्याळापेक्षा मागे पडतो.

आता वजनाकडे येऊ. चिखलात ट्रॅक्टर रुतू नये म्हणून टाकी अर्धीच ठेवावी, असा सल्ला गावोगाव ऐकू येतो. मला तो पटत नाही. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरते, म्हणजे ६० लिटरचे वजन ५० किलो. दोन टनांच्या ट्रॅक्टरला हे अडीच टक्के झाले. टिलरवर १० लिटर म्हणजे जेमतेम सव्वाआठ किलो. चालकाच्या शेजारी मडगार्डवर बसलेला सोबती टाकीपेक्षा जड असतो, आणि त्याला तर तिथे बसूच देऊ नये.

वजन कमी करायचेच असेल तर मागच्या टायरमध्ये नांगरटीसाठी भरलेले पाणी काढा. दोन्ही टायर मिळून ते शंभर लिटरहून बरेच जास्त असते. चाकांवरची लोखंडी वजनेही उतरवा. कोरड्या जमिनीत नांगर ओढताना चाक घसरू नये म्हणून हेच वजन उपयोगी पडते, पण चिखलात ते चाक खाली दाबते. रुतलेले चाक वर काढायला डिझेल जास्त लागते आणि खाचराचा तळ एकसारखा राहत नाही, खोल चाकोरीत पाणी साचून रोपे बुडतात. चिखलात पकड देण्याचे काम केजव्हील करते, वजन नव्हे.

टाकी भरलेली ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मुळशीच्या पावसाळी हवेत रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा पत्र्यावर धरतो आणि पाणी तळाशी जाते. म्हणून सकाळऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर डिझेल भरावे, मात्र झाकणापाशी थोडी जागा सोडावी. तापमान २० अंशांनी वाढले तर ६० लिटर डिझेल जवळपास एक लिटरने फुगते. वॉटर सेपरेटरचा तळचा नट सकाळी इंजिन चालू करण्याआधी सैल करून पाणी काढून टाकावे. पाऊस चालू असताना टाकी उघडावी लागली तर वर छत्री धरायला एक माणूस उभा करा.