परदेशची तूर आणि आपले ताट

तूर पिकविण्यात भारताचा क्रमांक जगात पहिला आणि खाण्यातही पहिलाच. म्हणून म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी येथून माल आणावा लागतो, आणि उटनूरच्या आमच्या आडतीतील भावाचे नाते त्या दूरदेशीच्या शेताशी जडते.

२०१५ साली पावसाने दगा दिला व तूरडाळ किलोस २०० रुपयांच्या घरात गेली. आम्हीही तेजीच्या आशेने थोडी पोती राखून ठेवली होती, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. जुलै २०१६ मध्ये भारत सरकारने मोझांबिकशी करार केला: प्रथम वर्षास १ लाख टन, पुढे वाढवीत २ लाख टन. परंतु चढा भाव पाहून आपल्या शेतकऱ्यानेही त्याच साली तूर पेरली होती, पाऊसही भरपूर झाला. बोनससह ५,०५० रुपये हमीभाव जाहीर असता अनेक बाजारपेठांत तूर ४,००० च्या आसपास उतरली. आमच्याकडे आलेला एक कोलाम शेतकरी म्हणाला, "सावकार, मागल्या साली घरी येऊन मागत होतात, यंदा पोते उघडूनही पाहत नाही." आम्हांस उत्तर सुचले नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने आयातीवर वर्षास २ लाख टनांची मर्यादा घातली. कराराचा माल त्यातून वगळलेला होता; तरीही मोझांबिकमध्ये भाव कोसळला. तेथील तूर बहुतांशी आपल्यासाठीच पिकते. गिऱ्हाईक फिरले की तिला दुसरे दार नाही.

श्रीमंत देशांची गोष्ट निराळी. अमेरिकन कुटुंबाच्या खर्चायोग्य उत्पन्नापैकी सुमारे ११ टक्के अन्नावर जातात. आपल्या ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चातील, २०२२-२३ च्या सरकारी पाहणीप्रमाणे, सुमारे ४६ टक्के. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली, तेव्हा अमेरिकेत काही भारतीय कुटुंबांनी दुकानांतून पिशव्या भरून नेल्या. आफ्रिकेतील तांदूळ विकत घेणाऱ्या गरिबास तशी सोय कोठली?

आमच्या भागातील गोंड व कोलाम घरांत पूर्वी ज्वारी शेतातून येई. तेथे आता बहुतांश कापूस. त्याचाही भाव बाहेरच ठरतो. रेशनवर माणशी ६ किलो तांदूळ मिळतो, हा मोठाच आधार. डाळ मात्र विकतच घ्यावी लागते. २०१५ च्या त्या दिवसांत आठवडी बाजारात अर्धा किलो नेणारी बाई शंभर ग्रॅम मागे, आणि पुडी बांधून होईतो तराजूच्या काट्यावरून नजर हलवीत नसे.