पाणघोड्याची मांजरा

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ती छायाचित्रे देशभर छापून आली आणि लातूर म्हणजे तहानलेला जिल्हा हे चित्र पक्के झाले. त्याच जिल्ह्यात मांजरा नदीच्या दरडीत पाणघोड्याची हाडे सापडली आहेत, हे मात्र लातूरकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल.

हरवाडी, वांगदरी, गांजूर ही मांजराकाठची साधी गावे. इथे नदीने उंच दरडी कापल्या आहेत. वर काळी जमीन, तिच्याखाली पिवळसर गाळमाती आणि तळाशी चुनखडीने घट्ट झालेला वाळू-गोट्यांचा थर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे जी. एल. बदाम, विजय साठे आणि त्यांचे सहकारी याच थरांमागे वर्षानुवर्षे हिंडले. हाडे कुठून वाहत आली, कशी गाडली गेली, कशाने झिजली, याचाही त्यांनी कसून अभ्यास केला. त्यातून एक अख्खे प्राणिजग उभे राहिले : आजच्या हत्तीहून कितीतरी थोराड असा सरळ सुळ्यांचा हत्ती, रानबैल, रानघोडे, हरणे, मगरी, कासवे. असाच हत्ती गोदावरीकाठी नांदूर मध्यमेश्वरलाही सापडला होता आणि भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. म्हणजे गोदेच्या खोऱ्यातला हा शोध शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो पाणघोडा. आफ्रिकेतल्या आजच्या पाणघोड्याचा हा नातलग. त्याच्या खालच्या जबड्यात पुढे चाराऐवजी सहा दात असत. पाणघोडा दिवसभर पाण्यात डुंबतो आणि रात्री काठावर चरायला निघतो. उन्हात कातडी सुकली तर त्याचे हाल होतात. असा प्राणी जिथे राहिला, तिथे भर उन्हाळ्यातही खोल डोह असणार आणि काठाला भरपूर गवत असणार. शेवटच्या हिमयुगात पावसाचे मान बदलत गेले आणि त्या युगाच्या अखेरीस पाणघोडे भारतातून नाहीसे झाले. मांजरा कधीच कोरडी नव्हती, असे मला यावरून म्हणायचे नाही. कोरडेपणा हा या नदीचा उपजत स्वभाव नाही, एवढे मात्र ही हाडे सांगतात. वाळूउपशाची यंत्रे आज ज्या पात्रांत उतरतात, तिथल्या वाळू-गोट्यांच्या थरांतच हा पुरावा असतो. एकदा थर विस्कटला की हाड हाती येऊनही त्याचा काळ सांगता येत नाही.

डेक्कन कॉलेजचे हे काम कोणत्याही आपत्तीने करायला लावले नव्हते. आपल्या भागात ते अपवादच. एरवी इथला अभ्यास संकट कोसळल्यावर सुरू होतो आणि संकटाची आठवण पुसट झाली की मंदावतो.

किल्लारीचे उदाहरण समोरच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होणार नाही, हा समज त्या पहाटे कोसळला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतले. ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचा काळा पाषाण, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर आणि मग थेट सुमारे अडीचशे कोटी वर्षे जुना खडक. वरचा पाषाण त्यामानाने कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा. सी. पी. आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी तेरणाकाठच्या तेर या प्राचीन गावात जमिनीचे थर तपासले, तेव्हा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा दिसल्या. १९९३ चा धक्का पहिला नव्हता. मधल्या पिढ्यांना आधीच्या धक्क्याचा पत्ता नव्हता, इतकेच.

नांदेडकरांना २००६ च्या अखेरीपासून जमिनीतून गडगडाटासारखे आवाज ऐकू येऊ लागले, बारीक धक्के बसू लागले आणि मग तिथे भूकंपमापक बसले. २१ मार्च २०२४ रोजी शेजारच्या हिंगोलीत ४.५ क्षमतेचा धक्का बसला, तो नांदेडलाही जाणवला.

नांदेड जिल्ह्यात पूर्वेकडे जाताना काळा पाषाण विरळ होत जातो आणि देगलूर-बिलोलीकडे जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. उत्तरेला किनवटकडे सागाचे रान लागते, पैनगंगा लागते. टिपेश्वर अभयारण्यातला, गळपट्टा लावलेला एक तरुण वाघ २०१९ साली याच पट्ट्यातून पुढे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. तो कोणत्या ओढ्यांनी, कोणत्या कापसाच्या शेतांतून चालला, हे उपग्रहामुळे कळले. वाघांच्या वाटा अभयारण्याच्या हद्दीत मावत नाहीत, हे त्याने दाखवून दिले.

किनवटच्या याच रानात गोंड, कोलाम, परधान, आंध राहतात. १९५६ पर्यंत किनवट हैदराबाद संस्थानातल्या, पुढे राज्यातल्या, आदिलाबाद जिल्ह्यात होते. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांना शेतांवरून हुसकावले गेले, कुमराम भीमू यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि १९४० साली जोडेघाटला ते मारले गेले. त्यानंतरच निजाम सरकारला या माणसांची चौकशी करावीशी वाटली. ते काम ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. तो गोंडांच्या मारलवाई गावी राहिला, त्याने त्यांच्यासाठी शाळा सुरू करवल्या.

त्या काळातले दुसरे नाव आपल्या मातीतले आहे : सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०, आजच्या लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचा. मराठी वाचक त्यांना शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. आदिलाबादेत अधिकारी असताना ते गोंडी शिकले, कोलामी शिकले आणि दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. कोलामीचे व्याकरण १९५० साली आले. एमेनो या थोर भाषाशास्त्रज्ञाचा कोलामीवरचा ग्रंथ त्यानंतर पाच वर्षांनी. जमिनीचे पट्टे देणारा अधिकारी समोरच्याची भाषा बोलतो, याचे मोल त्या खेड्यांना कळले असणार.

गोंड मुलांची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण बाजाराची भाषा म्हणून मराठी त्यांच्या कानावर होती. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. किनवट मराठीकडे आले, आदिलाबाद तेलुगूकडे गेले. एकाच कुळातली मुले दोन लिप्यांत शिकू लागली. गोंडी वाचनपुस्तके मागे पडली. किनवटच्या डोंगरातले कोलाम मूल आजही घरची बोली घेऊन शाळेत येते आणि पहिल्या दिवसापासून दुसऱ्या भाषेत शिकते. कोलामीचे व्याकरण लिहून पंच्याहत्तर वर्षे झाली आहेत आणि ते लिहिणारा निलंग्याचा होता.