व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे : चित्र कुठे चांगले, आवाज कुठे?



वाशी तालुक्यातल्या एका शिक्षकबंधूंचा प्रश्न आहे. त्यांच्या शाळेच्या २००४ सालच्या स्नेहसंमेलनाची एक व्हीसीडी कपाटात आहे. तीत त्या वेळचे मुख्याध्यापक पोवाडा म्हणताना दिसतात. ते गुरुजी आता हयात नाहीत, आणि पडद्यावर त्यांचा चेहरा अगदी पुसट येतो. शहरातला एक दुकानदार म्हणाला, "ब्लू-रेवर घेऊन देतो गुरुजी, चित्र आरशासारखं होईल." त्याचे त्याने दोन हजार रुपये सांगितले. तेव्हा गावातून वर्गणी काढावी का?

उत्तर देण्याआधी या तबकड्यांची ओळख करून घेऊ. व्हीसीडी १९९३ साली निघाली, डीव्हीडी १९९६ साली जपानात, आणि ब्लू-रे २००६ साली. तिन्हींचा आकार एकच, बारा सेंटिमीटर. फरक आहे तो लिखाणाच्या बारीकपणात. पाटीवर जाड खडूने चार ओळी मावतात, तेवढ्याच जागेत टोकदार पेन्सिलीने वीस ओळी लिहिता येतात. इथे पेन्सिल म्हणजे लेसरचा किरण. व्हीसीडी वाचणारा किरण तांबड्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा. डीव्हीडीचा तांबडा. ब्लू-रेचा निळा-जांभळा, म्हणून तर तिचे ते नाव. किरणाची लहर जितकी आखूड, तितके लिखाण बारीक. व्हीसीडीवर साधारण ७०० मेगाबाइट मजकूर मावतो. डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट, म्हणजे सहापटीहून जास्त, आणि ब्लू-रेच्या एका थरावर २५ गिगाबाइट.

आता चित्र पाहू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते, रांगोळीसारखे. आपल्याकडच्या पद्धतीत व्हीसीडीच्या एका चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके असतात. गुणाकार केला तर एक लाखाच्या वर. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर. ब्लू-रेत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. संमेलनात मुख्याध्यापक दूर रंगमंचावर उभे असले, तर व्हीसीडीत त्यांच्या चेहऱ्याच्या वाट्याला किती ठिपके येणार? डोळ्याला दोन-तीन, मिशीला चार. पुसट दिसतो तो याच कारणाने.

पण नुसती ठिपक्यांची मोजणी करून भागत नाही. भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या आहेत, तेव्हा तिथल्या मंडळींना हे लगेच उमजेल. सगळे ठिपके जसेच्या तसे ठेवायचे तर तबकडी दोन-चार मिनिटांत भरून जाईल. म्हणून यंत्र दूध आटवावे तसे चित्र आटवते. दर चित्रात जे बदलले तेवढेच लिहिते, आणि डोळ्याला जाणवणार नाही असे वाटेल ते टाकून देते. कीर्तनकार एका जागी उभे राहून बोलत असतील तर व्हीसीडीचे चित्र बरे दिसते. लेझीम सुरू झाली, की क्षणोक्षणी सगळेच बदलते, लिहायला जागा पुरत नाही आणि पडद्यावर चौकोन चौकोन उमटतात. तेरखेड्याची आतषबाजी व्हीसीडीवर घेतली तर तीच गत.

या आटवण्यामुळेच नाव डीव्हीडीचे असून चित्र व्हीसीडीहून वाईट, असेही घडते. बाजारात एके काळी 'एका डीव्हीडीत सहा चित्रपट' मिळत. हिशेब करून पाहा. अडीच तासांचे सहा चित्रपट म्हणजे पंधरा तास. ते ४.७ गिगाबाइटमध्ये कोंबले तर एका सेकंदाच्या वाट्याला सुमारे ८७ हजार बाइट येतात. व्हीसीडीत एका सेकंदाला चित्र आणि आवाज मिळून सुमारे १ लाख ७२ हजार असतात. म्हणजे ताट मोठे आणि वाढप निम्मे. याउलट २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या, तेव्हा सहा रुपयांत चौपट ठिपके पदरात पडत होते. तरीही खेड्यापाड्यांत व्हीसीडी बरीच टिकली, कारण घरातले यंत्र व्हीसीडीचेच होते.

आवाजाची गोष्ट थोडी निराळी. चित्राच्या मानाने व्हीसीडीचा आवाज फारसा वाईट नसतो. गाण्याच्या सीडीच्या सुमारे सहाव्या हिश्शात तो बसवलेला असतो, पण बोलणे आणि पोवाडा स्वच्छ ऐकू येतो. हरवते ते ढोलाच्या दणक्यातली चिपळी, तुणतुण्याची झणझण, असले बारीकसारीक. डीव्हीडीत पाच कण्यांचा आणि एका खर्जाच्या कण्याचा आवाज देता येतो. ब्लू-रेत तर काहीही न टाकता जसाच्या तसा ठेवता येतो. मात्र घरात कर्णे दोनच असतील, तर त्या पाचांचा उपयोग काय? आणि प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' मुळातच एका वाटेच्या आवाजाचा आहे. तो कुठल्याही तबकडीवर घातला तरी मूळच्या मुद्रणात नव्हते ते त्यात येणार नाही.

भजनी मंडळींसाठी एक गंमत सांगून ठेवतो. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. आपल्या २५ चित्रांच्या पद्धतीने तो तबकडीवर घेतला की किंचित वेगाने पळतो, आणि वेगळी दुरुस्ती केली नसेल तर सूरही चढतो. मूळ गाणे काळी एकमध्ये असेल, तर पेटीवर ते ना धड काळी एकला लागते, ना पांढरी दोनला. अशा वेळी पेटी बिघडली असे समजू नये. ब्लू-रेत २४ चित्रे तशीच ठेवता येतात, म्हणून सूर जागचा हलत नाही.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. खव्यात पाणी घातले म्हणून पुन्हा दूध होत नाही. व्हीसीडीवर घेताना जे टाकले गेले, ते ब्लू-रेवर उतरवून परत येणार नाही. हल्ली संगणकाकडून चेहरा 'स्वच्छ' करून देतात. पण त्यातले ठिपके अंदाजाने भरलेले असतात. तो चेहरा मुख्याध्यापकांचा राहिला की दुसऱ्याच कुणाचा झाला, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे लागेल. म्हणून वर्गणी काढू नका.

दोन गोष्टी मात्र कराव्यात. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या तबकडीचा रंग उन्हाने उडतो, तेव्हा तिच्यातला मजकूर काहीही न बदलता संगणकावर उतरवून दोन ठिकाणी ठेवावा. तबकडी पुसायची ती मऊ फडक्याने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नव्हे. आणि नाव लिहिलेल्या बाजूला टोकदार पेन लावू नये, कारण सीडीत मजकुराचा थर त्याच बाजूला, अगदी वर असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या वेळी चित्रण करणारे फोटोग्राफर अजून धंद्यात असतील, तर त्यांच्याकडे चौकशी करा. त्या काळात पुष्कळ जण छोट्या मिनी-डीव्ही कॅसेटवर चित्रण करीत, आणि त्या कॅसेटवर चित्र डीव्हीडीइतक्याच ठिपक्यांचे, शिवाय फार कमी आटवलेले असते. व्हीसीडी ही तिच्यावरून काढलेली नक्कल. ती कॅसेट कुठल्या खोक्यात पडलेली सापडली, आणि तिच्यावर नंतर एखादे लग्न भरलेले नसले, तर मात्र दोन हजार काय, थोडे जास्त द्यावे लागले तरी ती उतरवून घ्या.