दारातल्या कढीपत्त्यावरची कीड आणि घरातलं विष

आपल्या वस्तीत अंगण नसलं तरी दारातल्या डब्यात, गोणीत कढीपत्ता, मिरची, लिंबू असतंच. आम्ही तपासणीला घरोघर फिरतो तेव्हा बाया विचारतात, "सिस्टर, पानं गोळा झाली, काय मारू?" काही घरांत खाटेखालून शेतावरच्या औषधाची अर्धी बाटलीही निघते. ती बाटली झाडापेक्षा आपल्या लेकरांना जास्त घातक आहे.

आधी कीड ओळखा. कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसलेले बारीक हिरवे-काळे किडे म्हणजे मावा. कापसासारखा पांढरा दिसतो तो पिठ्या ढेकूण. दोन्ही झाडाचा रस शोषतात आणि चिकट गोड द्रव टाकतात. तो खायला मुंग्या येतात, त्यावर काळी बुरशी चढते. म्हणून मुंग्यांची रांग दिसली की पान उलटून बघा.

उपाय घरातच आहे. फार किडलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी किडे पाण्याच्या जोरदार धारेने पाडा. मग 1 लिटर पाण्यात छोटा चमचाभर अंगाच्या साबणाचा कीस विरघळवून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. आधी एका पानावर करून बघा, पान करपलं तर पाणी वाढवा. आठवड्याने पुन्हा फवारा. कीड हटली नाही तर 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून फवारा. लिंबू-कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली तर हाताने वेचा. ठिपक्यांचा लाल भुंगेरा मात्र मारू नका, तो मावा खातो. पानं धुऊनच फोडणीला टाका.

शेतातलं औषध घरात का नको? जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन 23 मुलं दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. म्हणून औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, धान्य भरू नका. त्याला भोक पाडून निकामी करा.

औषध अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. पोटात गेलं तर उलटी करवू नका. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप ही विषबाधेची लक्षणं आहेत. लक्षणांची वाट न पाहता 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. कोणतं विष आहे ते कळलं की डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात.